झाडाचे वय, रानाचे वय

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला आणि थंडीने अंगणात पाऊल टाकले, की मराठी घरांतून डिंक तळल्याचा वास येऊ लागतो. खारीक किती, खोबरे किती, खसखस किती, हा हिशेब आपल्या गृहिणींना तोंडपाठ असतो. पण हा डिंक कोणत्या झाडाचा, असे त्यांना, किंवा दोन लाडू संपवून तिसऱ्याकडे हात नेणाऱ्या त्यांच्या यजमानांना विचारून पाहा! बहुधा उत्तर मिळावयाचे नाही. डिंक बाभळीचा असतो, नाही तर धावड्याचा. श्रीखंडावरची चारोळी चार नावाच्या रानझाडाच्या फळातली. लग्नकार्यातली पत्रावळ पळसाची. आजोबांनी हौसेने करून घेतलेला दिवाणखान्याचा दरवाजा सागाचा. जंगल असे मागल्या दाराने आपल्या घरी येत असते. आपण मात्र त्याच्या घरी क्वचितच जातो.

नाही म्हणावयास, विलायतेत मात्र जातो. मुलगा आणि सून तिकडे असतात, आईवडील तीन-चार महिने राहून येतात. राजवाडा आणि टॉवरचा पूल पाहून झाला, की एखाद्या रविवारी ओकचे जुने वन पाहण्याचा बेत ठरतो. स्वच्छ पायवाट, जागोजागी माहितीचे फलक, चार माणसांच्या कवेत न मावणारे एखादे खोड. परत आल्यावर सहा महिने त्याचे कौतुक चालते. कौतुक रास्तच आहे. पण ते ऐकताना एक प्रश्न मनात येतो. असे जुने रान आपल्याकडे नाही का?

आहे. ते पाहण्यासाठी पारपत्र लागत नाही. मलकापूरपर्यंतचे रेल्वेचे तिकीट पुरते.

मलकापूरहून बुलढाण्याकडे निघालेला रस्ता मोताळ्यावरून जातो आणि राजूरचा घाट चढून वर येतो. याच मोताळा तालुक्यात धामणगाव बढे आहे. धामणगाव म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे अमरावतीकडचे रेल्वेचे धामणगाव येते. हे ते नव्हे. हे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर अंगाला, काळ्या कपाशीच्या मातीत वसलेले गाव. धामण हे एका सापाचे नाव आहे हे सर्वांना ठाऊक असते. पण धामण नावाचे झाडही आहे. त्याचे लाकूड चिवट आणि लवचीक. कावडीच्या दांड्यासाठी आणि कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी ते नावाजलेले. तालुक्यातली आणखी नावे ऐका: मोहेगाव, बोराखेडी, पिंपळगाव. मोह, बोर, पिंपळ! शेतांनी झाडांची जागा घेतली, तरी कानाला ही नावे झाडांचीच लागतात.

या गावांच्या पूर्वेला डोंगरात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. सुमारे २०५ चौरस किलोमीटरांचे हे रान १९९७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. ज्या नदीवरून त्याला नाव मिळाले, ती ज्ञानगंगा उत्तरेला वाहत जाऊन पूर्णेला मिळते आणि पूर्णा पुढे तापीला. बुलढाण्याहून खामगावला जाणारा रस्ता बोथ्याजवळ या रानातूनच जातो. एस्. टी.तून जाणारे प्रवासी त्या घाटात खिडकीबाहेर पाहतात, "जंगल लागले" म्हणतात, आणि पुन्हा डुलकी घेतात.

मार्गशीर्षात येथे यावे. पावसाळ्याची हिरवळ ओसरलेली असते, उन्हाळ्याची होळी अजून लांब असते. धावड्याची पाने थंडीने तांबूस होऊ लागतात. सालईची फिकट साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते. त्या सालीला जखम झाली, की सुगंधी डिंक पाझरतो आणि तो धूपासाठी जाळतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची. अंजनाचे लाकूड इतके कठीण, की कुऱ्हाडीची धार त्याच्यापुढे हार मानते. बेल आहे, पळस आहे, टेंभुर्णी आहे, मोह आहे. आणि सगळ्यांच्या मधून थाळीएवढी पाने मिरवणारा साग. सागाचे कोवळे पान तळहातावर चुरडा. हात मेंदी लावल्यासारखा लाल होतो. मुलांना हा खेळ एकदा दाखवला, की त्यांना सागाची ओळख वेगळी शिकवावी लागत नाही.

पण विलायतेचे ओक पाहून आलेल्या माणसाची येथे प्रथमदर्शनी निराशा होण्याचा संभव आहे. चार माणसांच्या कवेत न मावणारे खोड कोठे आहे? पुष्कळसे साग तर एका माणसाच्या मिठीतही सैल बसतील! मग या रानाला जुने कसे म्हणावयाचे?

याचे उत्तर वर पाहून मिळत नाही, खाली पाहावे लागते. एकेका सागाच्या बुंध्याशी वाकून पाहा. पुष्कळ ठिकाणी एकाच बुडख्यातून दोन-दोन, तीन-तीन खोडे वर आलेली दिसतील. मधे कुजत चाललेले जुने खुंट असेल. केव्हा तरी तेथे कुऱ्हाड चालली, झाड गेले. मूळ मात्र राहिले आणि त्याने पुन्हा फुटवे काढले. ते फुटवे मोठे झाले, पुन्हा तोडले गेले, पुन्हा फुटले. वणव्यात सागाचे लहान रोप जळून जाते; पण जमिनीखाली त्याचे मूळ जिवंत राहते आणि पुढच्या पावसाळ्यात नवा कोंभ वर पाठवते. असे वर्षानुवर्षे चालते. मूळ पुरते बळकट झाले, की एखाद्या वर्षीचा कोंभ आगीच्या आवाक्याबाहेर उंच निघून जातो. आपण पाहतो ते खोड तिशीतले असेल. ज्या मुळावर ते उभे आहे, ते त्याच्या आजोबांच्या वयाचे असू शकते.

गंमत अशी, की विलायतेतल्या वनशास्त्रज्ञांनीही अखेर हेच सांगितले. इंग्लंडमध्ये 'प्राचीन वन' म्हणजे ज्या जमिनीवर १६०० सालापासून सतत रान राहिले आहे, ते. झाडांच्या वयाची अट त्यात नाही. ऑलिव्हर रॅकहॅम या केंब्रिजच्या विद्वानाने जन्मभर अशी वने पायी तुडवली, जुने दस्तऐवज चाळले आणि लोकांना पटवून दिले, की तोडणे म्हणजे वन नष्ट होणे नव्हे. तिकडचे खेडूत शतकानुशतके झाड बुंध्याशी तोडीत, फुटवे वाढू देत आणि काही वर्षांनी ते काठ्या, कुंपण, सरपण यांसाठी पुन्हा तोडीत. सफोक परगण्यातल्या ब्रॅडफिल्ड वनात ॲश जातीच्या झाडाचे एक बुडखे हजार वर्षांचे असावे असे मानतात. त्यावरचे फुटवे मात्र तरुण! वन मरते ते नांगराने, कुऱ्हाडीने नव्हे, असा या सगळ्याचा अर्थ. झाड कापले तर फुटते. जमीन उकरली, मूळ निघाले, की गोष्ट संपली. हे धामणगावच्या कोणत्याही जुन्या शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. बांधावरचे खुंट पुरते खणून काढल्याखेरीज झाड हटत नाही, हा त्याचा रोजचा अनुभव.

ओक आणि साग यांचे नाते एवढ्यावरच थांबत नाही. दोन्ही झाडांच्या लाकडात वर्षावर्षाची कडी स्पष्ट उमटतात आणि मोजता येतात. उष्ण प्रदेशातल्या फार थोड्या झाडांना हा मान आहे. दोन्ही झाडे जहाजांसाठी तुटली. नेल्सनचे 'व्हिक्टरी' हे जहाज १७६५ साली पाण्यात उतरले. त्याला सुमारे ६,००० झाडे लागली आणि त्यांतली बहुतेक ओकची होती. पुढे इंग्रजांना ओक अपुरा पडू लागला आणि त्यांची नजर मलबारच्या सागाकडे वळली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागाची जहाजे बांधली गेली. त्यांतले १८१७ चे 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. आपला साग पाहण्यासाठी तिकडे लोक तिकीट काढतात!

जहाजांमागून रेल्वे आली. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापुरावरून १८६७ साली नागपूरला पोहोचला. खामगावच्या बाजारपेठेसाठी १८७० साली खास फाटा निघाला. देशभर रुळांखाली लाकडी स्लीपर अंथरले जात होते आणि जंगले झपाट्याने विरळ होत होती. तेव्हा कोठे सरकारला जाग आली. १८६४ साली डीट्रिच ब्रँडिस या जर्मन गृहस्थांच्या हाती वनखाते सोपवण्यात आले आणि १८६५ साली पहिला वन कायदा झाला. त्या कायद्यांनी रान राखले, हे खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे चारणाऱ्या आणि मोह वेचणाऱ्या माणसाला त्यांनी एका रात्रीत परका ठरवले, हेही तितकेच खरे. काळी जमीन कपाशीकडे गेली. डोंगराच्या उतारावर नांगर चालत नव्हता. तेथे मुळे राहिली. ज्ञानगंगेसारख्या डोंगरातले रान आज दिसते, त्यात या खडकाचा वाटा मोठा आहे.

या रानाची एक परीक्षा अलीकडेच झाली, आणि ती घेतली एका वाघाने. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर, गळ्यात रेडिओचा पट्टा बांधलेला, २०१९ च्या जूनमध्ये घर सोडून निघाला. तेलंगणाच्या आदिलाबादेत गेला, परत महाराष्ट्रात आला, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असे जिल्हे ओलांडीत सुमारे १,३०० किलोमीटर चालून त्याच वर्षीच्या डिसेंबरात ज्ञानगंगेत येऊन पोहोचला. पट्टा निघेपर्यंत नऊ महिन्यांत त्याची चाल ३,००० किलोमीटरांवर गेली. भारतातल्या वाघाची इतकी लांब वाट यापूर्वी नोंदली गेली नव्हती. येथे त्याला आसरा मिळाला, शिकार मिळाली. मिळाली नाही ती जोडीदारीण. २०२१ साली तो अजिंठ्याच्याच रांगेत, पश्चिमेला गौताळा अभयारण्यात दिसला. म्हणजे धामणगाव बढ्याच्या माथ्यावरची डोंगररांग हीच त्याची वाट!

त्या वाघाने नकाशावर नसलेली एक गोष्ट चालून दाखवली. ज्ञानगंगा, गौताळा, टिपेश्वर ही सुटी बेटे नाहीत. ओढ्यांचे काठ, झुडपी टेकड्या, उसाचे आणि कपाशीचे पट्टे यांनी ती अजून एका बारीक धाग्यात ओवलेली आहेत. हा धागा तुटला, तर अभयारण्याच्या कुंपणात कितीही झाडे असली, तरी ते रान हळूहळू बागेसारखे होईल. जुने रान जसे जमिनीखाली मुळांनी जगते, तसे ते जमिनीवर अशा वाटांनी जगते.

मात्र या वाटांचे मोल कोण देते, हेही शहरातल्या आपण समजून घ्यावे. रानडुकरे एका रात्रीत मका लोळवतात, रोहींचे कळप हरभऱ्यात शिरतात. ज्ञानगंगेतली अस्वले प्रसिद्ध आहेत. पहाटे मोह वेचावयास गेलेल्या माणसाला अस्वलाची गाठ पडली, तर काय होते, ते वऱ्हाडात सांगावे लागत नाही. वाघाचे छायाचित्र आपण कौतुकाने पाहतो; त्या कौतुकाचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या खात्यावर पडतो. नुकसानभरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळणे हा केवळ शेतकऱ्याचा प्रश्न नव्हे. तो रानाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. रागावलेल्या शेजाऱ्याच्या भरवशावर कोणतेही रान टिकत नाही. आणि डिंकासाठी धावड्याला खोल घाव घातले, की झाड खचते, हेही लाडू खाणाऱ्याला ठाऊक असावे.

दरवर्षी पावसाळ्यात आपल्याकडे वृक्षारोपणाचे सोहळे होतात. खड्डा, रोप, हार, छायाचित्र. ते वाईट आहे असे नव्हे. पण हजार रोपांची रांग म्हणजे रान नव्हे. रानात धावड्याशेजारी साग असतो, सागाखाली वारूळ असते, वारूळ उकरणारे अस्वल असते, आणि या सर्वांखाली कोणी न लावलेली, कित्येक पिढ्यांची मुळे असतात. झाड लावता येते. रान लावता येत नाही, ते राखावे लागते.

तेव्हा पुढच्या सुटीत मुलांना घेऊन ज्ञानगंगेत जा. वनखात्याची परवानगी काढा, वाटाड्या बरोबर घ्या, वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसू नका. एखाद्या सागाच्या बुंध्याशी थांबा आणि मुलांना जुने खुंट व त्याभोवतीचे तरुण फुटवे दाखवा. घरी आजोबा आणि नातू एकाच ताटावर जेवतात ना? तसेच हे.