विश्लेषण: प्रोग्रामरच्या विनोदातला ‘बॉबी टेबल्स’ कोण?

वेब प्रोग्रामरचा बराचसा दिवस डेटाबेसशी बोलण्यात जातो. ऑर्डर साठवायची, निकाल शोधायचा, जुनी नोंद काढून टाकायची. हे काम नव्याने शिकणाऱ्याला चहाच्या वेळी मित्र हमखास ‘बॉबी टेबल्स’चा किस्सा ऐकवतात.

विनोद काय आहे?

हा किस्सा रँडल मन्रो यांच्या ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेत २००७ मध्ये आला. शाळेतून एका आईला फोन येतो. तिने मुलाचं नावच असं ठेवलेलं असतं, की त्यात विद्यार्थ्यांचा तक्ता पुसण्याची आज्ञा दडलेली आहे. शाळेने ते नाव संगणकात भरलं आणि त्या वर्षाच्या नोंदी गेल्या!

नावामुळे तक्ता कसा पुसला जातो?

डेटाबेसला एसक्यूएल भाषेत आज्ञा देतात. त्यात नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे अवतरणचिन्हांवरून ठरतं. फॉर्म भरणाऱ्याने नावातच असं चिन्ह टाकलं, तर नाव तिथे संपलं असं डेटाबेस समजतो आणि पुढचा मजकूर आज्ञा म्हणून वाचतो. यालाच ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात.

प्रत्यक्षात असं घडतं का?

ब्रिटनमधल्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीवर २०१५ मध्ये असा हल्ला झाला. सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती हल्लेखोराच्या हाती लागली. कंपनीने पूर्वी विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीची जुनी वेबपानं तशीच सुरू राहिली होती, तिथून तो आत शिरला. पुढच्या वर्षी कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड झाला.

उपाय काय?

अवतरणचिन्हावर बंदी घालून भागत नाही. वसई-गोव्यातल्या डिसोझांच्या इंग्रजी आडनावात ते चिन्ह असतंच. त्यांनी फॉर्म कसा भरायचा? त्यापेक्षा आज्ञा आणि माहिती वेगवेगळी पाठवावी. आधी रिकामी जागा सोडलेला आज्ञेचा साचा आणि मग त्या जागी भरायचं नाव. याला ‘पॅरामीटराइज्ड क्वेरी’ म्हणतात. मग नावात काहीही लिहिलेलं असो, डेटाबेस ते फक्त नाव म्हणूनच साठवतो. शिवाय वेबसाइटच्या खात्याला तक्ता पुसण्याचा अधिकारच देऊ नये. म्हणजे एखादी चूक राहिली, तरी नुकसान आटोक्यात राहतं.