मोडलेली स्पोर्ट्स कार घ्यावी काय?

ज्याची उमर कापडाचे थान मोजण्यात गेली त्याला मोटारीतले काय कळते, असे कोणी विचारील तर ते निम्मे खरे आहे. इंजिन आम्हाला कळत नाही. परंतु बिघडलेला माल कसा पाहावा हे गांधीबागेच्या कापड बाजाराने आम्हाला शिकविले आहे. पाण्यात भिजलेल्या गोदामातील साड्यांचा सौदा आम्ही एकदा केला होता. वरच्या गाठी कोरड्या, घड्या सुरेख, भाव निम्म्याहून कमी. मधली गाठ फोडून पाहण्याची तसदी घेतली नाही. घरी आणून उघडली तेव्हा आतून बुरशीचा वास आला, आणि तो तोटा भरून काढण्यात दोन ईद गेल्या.

गेल्या हिवाळ्यात आमचा भाचा दुकानात आला व म्हणाला, "मामू, वाडीला एका गॅरेजच्या मागे सॅन स्टॉर्म पडली आहे. समोरून ठोकलेली. मालक दीड लाखाला देतो. पैसे काढून द्या."

ज्या वाचकांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सॅन मोटर्स या कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ही दोन आसनांची, उघड्या छताची लहानशी गाडी तयार केली. अंग फायबरग्लासचे, इंजिन फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचे ११४९ सी.सी.चे. ताकद म्हणाल तर साध्या हॅचबॅक गाडीइतकीच, परंतु रूप असे की रस्त्यावर माणसे थांबून पाहत. गाड्या फार थोड्या बनल्या, आणि पोरांना जी वस्तू थोडी असते तीच हवी असते.

भाच्याने मागितलेले पैसे आमचे नव्हेत. त्याचे वालिद वारले तेव्हा मागे राहिलेले ८ लाख रुपये त्याच्या अम्मीने आमच्याकडे अमानत म्हणून ठेविले. शरीयतप्रमाणे अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे १ लाख. उरलेल्या ७ लाखांत मुलाचे दोन भाग व दोन्ही बहिणींचा एकेक. म्हणजे भाच्याचे साडेतीन लाख आणि बहिणींचे पावणेदोन-पावणेदोन. बहिणींच्या रकमेला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. भाच्याचा हिस्सा त्याचाच, तो सज्ञान आहे, आम्ही नाही म्हणू शकत नव्हतो. परंतु त्याच्याजवळ दुसरे काही नाही. म्हणून आम्ही म्हणालो, पैसे तुझे आहेत, हिशेब मात्र आमच्यासमोर बसून कर.

प्रथम गाडी पाहण्यास गेलो. लोखंडी पत्रा मार बसला की वाकतो आणि आपली कहाणी स्वतःच सांगतो. फायबर तसे नाही. ते एक तर तुटते, नाही तर परत जागेवर येते, आणि खालच्या सांगाड्याला काय झाले ते झाकून ठेवते. सोबत नेलेल्या मिस्त्रीने रुपयाच्या नाण्याने सगळे अंग ठोकून पाहिले. जेथे आवाज खणखणीत तेथे थर शाबूत, जेथे बद्द तेथे थर आतून सुटलेले. तुटलेले फायबर जुळविणे अवघड काम नाही. चिरेच्या कडा उतरत्या घासून, काचतंतूची चटई आणि रेझिनचे थर चढवितात. कूलरच्या टाक्या व बसचे बंपर दुरुस्त करणारे कारागीर नागपुरात हे रोज करतात.

खरे दुखणे खाली असते. मिस्त्रीने फीत लावून सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजले, जसे खाट विणणारा चौकट मोजतो. दोन्ही सारखे भरले तर चौकट सरळ. येथे सव्वा इंचाचा फरक निघाला. सांगाडा ओढून सरळ करता येतो, परंतु पुढचे चाक व स्टिअरिंग जेथे बसतात ती ठिकाणे हलली असतील तर गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढत राहते. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात एका बाजूला ओढणारी गाडी आम्ही कोणाच्या मुलाला देणार नाही.

एक समाधान होते. गाडी पाण्यात बुडालेली नव्हती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा शहरातील कितीतरी मोटारी बुडाल्या. तशी गाडी बाहेरून आमच्या त्या साड्यांच्या गाठीसारखी असते. ठोकलेल्या गाडीचा ऐब शोधता येतो, बुडालेलीचा वायरिंगमध्ये लपतो.

इंजिनाबाबत भाचा म्हणाला, लोगन गाडीचे सामान लागेल. लागणार नाही. २००७ मध्ये भारतात आलेल्या लोगनचे पेट्रोल इंजिन दुसऱ्या घराण्याचे. स्टॉर्मचे इंजिन युरोपात क्लिओ व ट्विंगो गाड्यांना होते, सुटे भाग मागवायचे तर तिकडून.

आता कागद, आणि आमच्या मते सौदा येथेच ठरतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते या गाडीचे झालेलेच नव्हते. २० वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये १० हजार झाली. उशिराचा दंड दरमहा ५०० रुपये वेगळा, शिवाय पर्यावरण कर. परंतु पैशापेक्षा मोठी अडचण अशी की नूतनीकरणासाठी गाडी आर.टी.ओ.च्या निरीक्षकाला चालत्या स्थितीत दाखवावी लागते. म्हणजे दुरुस्तीचा सारा खर्च आधी, आणि नोंदणी मिळते की नाही हे नंतर. जुनी म्हणून विंटेजची सवलत मिळेल काय, असे भाच्याने विचारले. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवी. तोवर भाचा आमच्या वयाचा होऊन पुढे गेला असेल.

त्यातून आर.सी. बुकावर विकणाऱ्याचे नाव नव्हते. मूळ मालकाने कोऱ्या फॉर्म २९ व ३० वर सह्या करून गाडी दिलेली, मधल्या माणसाने नाव चढविलेच नाही. ही चाल आपल्या बाजारात सर्रास आहे आणि धोक्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितले की अपघाताच्या भरपाईस नोंदणीत ज्याचे नाव तोच जबाबदार, गाडी त्याने कितीही जणांना विकलेली असो. आणि विमा कंपनीने पूर्वीच पूर्ण नुकसान म्हणून पैसे दिलेले असतील तर मामला आणखी बिघडतो. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपन्या गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. निकामी झालेल्या गाडीची खबर १४ दिवसांत आर.टी.ओ.ला देऊन नोंदणी रद्द करावी असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते. लोक देत नाहीत, आणि अशा मढ्याचा चासी क्रमांक चोरीच्या गाडीवर ठोकला जातो. म्हणून परिवहन खात्याच्या नोंदीत क्रमांक टाकून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

दुकानाच्या नावाने घेऊ, जी.एस.टी. सुटेल, असाही एक विचार भाच्याने मांडला. प्रवासी मोटारीवर आमच्यासारख्या व्यापाऱ्याला ती वजावट मिळतच नाही.

मग आम्ही हिशेब उलटा मांडला, जसा कटपीसचा मांडतो. विकणारा काय मागतो हे बाजूला ठेवले व शेवटी काय हाती येईल येथून सुरुवात केली. भाच्याच्या मते दुरुस्त गाडी ४ लाखांना जाईल. आम्ही सव्वातीन धरले, कारण खरेदीदारास अपघात लपविता येणार नाही. मालातील ऐब सांगून विकणे हे आपल्यावर बंधन आहे, आणि सांगितले की भाव उतरतो. मिस्त्रीचा अंदाज १ लाख ६० हजार. न दिसणाऱ्या कामासाठी त्यात निम्मे वाढविले, २ लाख ४० हजार. कागद, कर, विमा ४० हजार. एकूण २ लाख ८० हजार. सव्वातीन लाखांतून वजा केले तर ४५ हजार उरतात. म्हणजे मोडकी गाडी ४५ हजारांना मिळाली तरी नफा शून्य. दीड लाखाला घेतली तर खर्च ४ लाख ३० हजार, भाच्याच्या संपूर्ण हिश्शाहून ८० हजार अधिक. ते कोठून येणार? व्याजाने आणावेत असे त्याच्या मनात होते, तोंडाने बोलला नाही. पुन्हा ही गाडी भंगारातही पडत नाही. लोखंड किलोवर विकते, फायबर कबाडी फुकटही उचलत नाही.

भाचा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसला. मग म्हणाला, "विकायची नसेल तर? मला चालवायची असेल तर?" हा प्रश्न रास्त होता. शौकाला नफा-तोटा लावता येत नाही, मर्यादा लावता येते. आम्ही म्हणालो, तुझ्या साडेतीन लाखांपैकी जे परत आले नाहीत तरी तुझी झोप जाणार नाही असा आकडा सांग. त्याने एक लाख सांगितला.

एका लाखात ती गाडी उभी राहत नाही. तरी आम्ही मालकाकडे निरोप पाठविला: मूळ मालकाला आणून आधी नाव चढवा, दुरुस्ती दोघांच्या खर्चाने होऊ द्या, नोंदणी मिळाली की ४० हजार रोख घ्या. मालक हसला व दुसरे गिऱ्हाईक आहे म्हणाला. ही गोष्ट डिसेंबरची. भाचा अजूनही जुम्याच्या नमाजनंतर कधी वाडीला चक्कर मारतो. गाडीवर आता ताडपत्री टाकलेली आहे, असे परवा सांगत होता.