गर्भपाताचा कायदा कोणी घडवला?

रायपूरच्या गुढियारीतल्या बाईला आणि मुंबईतल्या बाईला गर्भपाताचा कायदा एकच. तो परदेशी दडपणातून, लोकसंख्या आवरण्यासाठी आला, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. कुटुंबनियोजनाचा जोर तेव्हा होताच, आणि संततिनियमनाचे साधन फसल्याचे कारण १९७१च्या कायद्यात विवाहितेपुरतेच आले, ते उगीच नव्हे. पण घडण घरचीच. इंग्रजांच्या १८६०च्या दंडसंहितेने गर्भपात गुन्हा ठरवला होता; १९६४ साली शांतिलाल शहा समितीकडे विषय गेला, तो चोरट्या गर्भपातांत बायकांचे जीव जात होते म्हणून. १९९४च्या कैरोतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेनेही गर्भपाताचा निर्णय ज्या त्या देशाच्या कायद्यावर सोपवला. २०२१ची दुरुस्ती संसदेची. ठरावीक स्त्रियांना असलेली २४ आठवड्यांची मुभा २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांपर्यंत नेली. त्या निकालात आंतरराष्ट्रीय करारांचे हवाले आहेत, पण आधार म्हणून, हुकूम म्हणून नव्हे. एक गोष्ट मात्र कोणत्याच संस्थेने हलवली नाही: संमती बाईची, मत डॉक्टरचे. २४ आठवड्यांनंतर, गर्भात गंभीर व्यंग असेल तर, राज्याच्या वैद्यकीय मंडळाचे.