भिंतीवर लावलेली मुखपृष्ठं

एप्रिल १९४३. वॉशिंग्टनमधल्या हेक्ट्स या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये चार तैलचित्रं लावली होती. महायुद्ध ऐन भरात होतं. चित्रं बघायला येणाऱ्यांनी युद्धरोखे विकत घ्यावेत, एवढ्यासाठी हे प्रदर्शन भरवलं होतं. तिथून ती चित्रं १६ शहरांत फिरली, १२ लाखांच्या आसपास लोकांनी ती पाहिली आणि १३ कोटी २० लाख डॉलरहून अधिक रकमेचे रोखे विकले गेले. चित्रकाराचं नाव नॉर्मन रॉकवेल. अमेरिकेत त्याला सगळे ओळखत होते ते ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाची मुखपृष्ठं रंगवणारा माणूस म्हणून. कलासंग्रहालयांच्या लेखी मात्र तो चित्रकार नव्हताच.

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत त्याची जी मोठी प्रदर्शनं झाली, ती एकामागोमाग एक पाहिली, की साप्ताहिकासाठी रंगवलेल्या चित्राकडे बघण्याची नजर कशी बदलत गेली हे कळतं. मला वाटतं, प्रदर्शनांनी त्याच्यावर केलेला उपकार प्रतिष्ठेचा नाही. मुखपृष्ठावर जे येऊ शकलं आणि जे येऊ दिलं गेलं नाही, ते दोन्ही त्यांनी एकाच भिंतीवर आणलं.

रॉकवेलचा जन्म १८९४ चा, न्यूयॉर्कमधला. एकोणिसाव्या वर्षी तो ‘बॉइज लाइफ’ या स्काउट मुलांच्या मासिकाचा कलासंपादक झाला. ‘पोस्ट’वरचं त्याचं पहिलं मुखपृष्ठ २० मे १९१६ चं. त्यावर बाबागाडी ढकलत निघालेला एक वैतागलेला मुलगा आणि त्याची टिंगल करणारे दोस्त आहेत. तिथून १९६३ पर्यंत, म्हणजे ४७ वर्षांत, त्याने ‘पोस्ट’साठी ३२० हून अधिक मुखपृष्ठं केली. अंक लाखो घरांत जायचा. दारात पडलेल्या अंकावर नजर गेल्या क्षणी गोष्ट कळली पाहिजे, ही त्या कामाची पहिली अट. चित्रकाराने जे सांगायचं ते एका चौकटीत, साप्ताहिकाच्या नावाखाली आणि ठरलेल्या तारखेच्या आत सांगायचं.

यामागे किती खटपट असायची, हे ‘बिहाइंड द कॅमेरा’ या प्रदर्शनाने दाखवलं. रॉन शिक या अभ्यासकाने रॉकवेलच्या संग्रहातले हजारो फोटो चाळून ते उभं केलं. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून रॉकवेल फोटोंच्या आधारे काम करू लागला. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात असायचा. तो स्वतः मात्र समोरच्या माणसाला भुवई कशी उचलायची, खांदे किती पाडायचे हे करून दाखवायचा. माणसं शेजारपाजारची. व्हरमाँट राज्यातल्या आर्लिंग्टनमध्ये राहत असताना तिथले शेतकरी, पेट्रोलपंपवाले, शाळकरी पोरं हीच त्याची नटमंडळी होती. मग कच्चं रेखाटन, त्यावरून चित्राच्या आकाराचं कोळशातलं सविस्तर रेखाटन, रंगांचा छोटा नमुना आणि शेवटी कॅनव्हास. फोटो वापरतो म्हणजे फसवतो, असा आक्षेप त्या काळी होता आणि त्यालाही तो सलत असे. पण फोटो आणि चित्र शेजारी ठेवलं, की आक्षेप विरतो. एका फोटोतला हात, दुसऱ्यातली मान आणि तिसऱ्यातली खुर्ची असं जमवून त्याने प्रसंग रचलेला असतो. कॅमेऱ्याला तो सबंध प्रसंग कधी दिसलेलाच नव्हता.

हेक्ट्समध्ये लावलेली ती चार चित्रं म्हणजे ‘फोर फ्रीडम्स’. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ६ जानेवारी १९४१ च्या भाषणात भाषणाचं व उपासनेचं स्वातंत्र्य आणि अभावापासून व भीतीपासून मुक्ती असा चौपदरी विचार मांडला होता. तो लोकांच्या गळी कसा उतरवायचा, हे सरकारला उमगत नव्हतं. रॉकवेल रेखाटनं घेऊन वॉशिंग्टनला गेला. तिथे कोणी दाद दिली नाही. परतीच्या वाटेवर फिलाडेल्फियात ‘पोस्ट’चे संपादक बेन हिब्ज यांना त्याने ती दाखवली. हिब्ज यांनी बाकीची कामं बाजूला ठेवायला सांगितलं. रॉकवेल सात महिने या चित्रांत गुंतला. २० फेब्रुवारी १९४३ पासून सलग चार अंकांत, आतल्या पानांवर, ती लेखांसोबत छापून आली.

यातल्या ‘भाषणस्वातंत्र्या’पाशी थांबायला हवं. आर्लिंग्टनच्या गावसभेत जिम एजर्टन नावाचा एक शेतकरी उभा राहून सगळ्या गावाच्या विरोधात बोलला होता. नवी शाळा बांधायला त्याची हरकत होती. त्याचं म्हणणं कोणाला पटलं नाही, पण सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. चित्रातल्या माणसाच्या अंगात मळकं, विटलेलं जाकीट आहे, खिशात सभेचा घडी घातलेला कागद. आजूबाजूचे टायवाले सद्गृहस्थ मान वर करून त्याच्याकडे बघताहेत. घोषणा नाही की झेंडा नाही. ‘अभावापासून मुक्ती’ हे चारांतलं सर्वांत प्रसिद्ध. टर्कीचं ताट टेबलावर ठेवणारी आजी आपण छापील चित्रात अनेकदा पाहिलेली असते. मूळ चित्रात जाणवतं ते पांढऱ्यावर पांढरं रंगवण्याचं धाडस. पांढरा टेबलक्लॉथ, पांढऱ्या बशा, आजीचा एप्रन, खिडकीचे पडदे आणि त्यातून येणारा उजेड. छापताना यातल्या निम्म्या छटा बुडतात. टेबलावर खाद्यपदार्थही फारसे नाहीत, आणि पेल्यांमध्ये नुसतं पाणी आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात आर्लिंग्टनचा त्याचा स्टुडिओ आगीत भस्मसात झाला. ही चार चित्रं दौऱ्यावर होती म्हणून वाचली, बाकी बरंच गेलं. मूळ चित्राला फार किंमत नसण्याचाच तो काळ होता. अंक छापून झाला की काम संपलं, कॅनव्हास कोणालाही देऊन टाकावा. ‘ब्रेकिंग होम टाइज’ या १९५४ च्या मुखपृष्ठावर जुन्या ट्रकच्या पायरीवर बसलेले बाप-लेक आहेत. मुलगा कॉलेजला निघालाय, उत्सुकतेने ताठ बसलाय. बाप खाली वाकून, दोघांच्या हॅट हातात धरून. कुत्र्याचं डोकं मुलाच्या मांडीवर. हे चित्र डॉन ट्रॅक्टे या व्यंगचित्रकाराने १९६० मध्ये ९०० डॉलरना घेतलं. त्याच्या घरचा कॅनव्हास पुढे संग्रहालयातही मांडला गेला. रंग थोडे वेगळे वाटत होते, पण जुनं चित्र सफाईत बदललं असेल असं जाणकारांनी मानलं. ट्रॅक्टे वारल्यावर, २००६ मध्ये, मुलांना घरातल्या एका खोट्या भिंतीमागे खरं चित्र सापडलं. बाहेर होती ती बापाने स्वतः केलेली नक्कल. त्याच वर्षी लिलावात मूळ चित्राला १ कोटी ५४ लाख डॉलर मिळाले. २०१३ मध्ये त्याच्या ‘सेइंग ग्रेस’ या चित्राला तर लिलावात ४ कोटी ६० लाख डॉलर मिळाले.

समीक्षकांचा राग मात्र जुना होता. क्लेमेंट ग्रीनबर्ग यांनी १९३९ च्या गाजलेल्या निबंधात सवंग कलेचं उदाहरण म्हणून ‘पोस्ट’च्या मुखपृष्ठाकडे बोट दाखवताना रॉकवेलचं नावच घेतलं होतं. रॉकवेलने उत्तर दिलं ते ब्रशने. १९६२ च्या एका मुखपृष्ठावर करड्या सुटातला एक गृहस्थ अमूर्त चित्रकार जॅक्सन पोलॉकच्या धाटणीच्या चित्रासमोर पाठमोरा उभा आहे. त्या भागासाठी रॉकवेलने कॅनव्हास जमिनीवर पसरून स्वतः रंग ओघळवले, आणि तो भाग मनापासून रंगवलेला आहे. संग्रहालयांची नजर बदलली ती बरीच पुढे. रॉकवेलच्या चित्रांचं ‘पिक्चर्स फॉर द अमेरिकन पीपल’ हे फिरतं प्रदर्शन १९९९ मध्ये अटलांटाहून निघून नोव्हेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइमला पोचलं. वस्तुनिरपेक्ष चित्रांचं संग्रहालय म्हणून सुरू झालेली ही संस्था. तिथे, अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर दोनच महिन्यांत, मूळ तैलचित्रं आणि अंकांची छापील मुखपृष्ठं शेजारी लावली गेली. हा शेजार मला फार महत्त्वाचा वाटतो. नुसते कॅनव्हास लावले असते, तर हा माणूस कशासाठी रंगवत होता तेच हरवलं असतं.

सगळंच काम तोलामोलाचं आहे असं नाही. स्काउटची कॅलेंडरं आणि अनेक सांताक्लॉज एकमेकांची पुनरावृत्ती करतात. त्याहून गंभीर गोष्ट त्या शेकडो मुखपृष्ठांची रांग पाहताना ध्यानात येते. काळी माणसं त्यांत जवळजवळ नाहीतच. जिथे आहेत तिथे सेवेकरी, जसा १९४६ च्या मुखपृष्ठावरचा रेल्वेच्या डायनिंग कारमधला वेटर. काळी माणसं नोकरचाकरांच्या भूमिकेतच दाखवायची, असं ‘पोस्ट’मध्ये आपल्याला बजावलं गेलं होतं, हे रॉकवेलने उतारवयात एका मुलाखतीत सांगितलं. म्हणजे ज्या अमेरिकेवर लोकांनी जीव टाकला, ती संपादकांच्या धोरणाने छाटलेली होती. आणि रॉकवेलने ते धोरण वर्षानुवर्षं पाळलं, हेही तितकंच खरं.

शेवटी शेवटी ‘पोस्ट’ला त्याच्या गोष्टीही नकोशा झाल्या. नेत्यांची व्यक्तिचित्रं हवी होती. आपल्यासाठी यात एक धागा आहे: १९ जानेवारी १९६३ च्या अंकावर त्याने रंगवलेले जवाहरलाल नेहरू आहेत, आणि त्यासाठी रॉकवेल भारतात येऊन गेला होता. त्याच वर्षाअखेर त्याचं आणि ‘पोस्ट’चं नातं संपलं. तो ‘लुक’ या पाक्षिकाकडे गेला.

‘लुक’च्या १४ जानेवारी १९६४ च्या अंकात दोन पानं भरून ‘द प्रॉब्लेम वी ऑल लिव्ह विथ’ आलं. १४ नोव्हेंबर १९६० ला न्यू ऑर्लिन्समधल्या गोऱ्या मुलांच्या शाळेत निघालेली सहा वर्षांची काळी मुलगी रूबी ब्रिजेस हा त्याचा विषय. पांढरा फ्रॉक, पांढरे मोजे, हातात वही आणि फूटपट्टी. तिच्या संरक्षणासाठी पुढे-मागे चार मार्शल, पण त्यांची डोकी चौकटीबाहेर कापलेली, कारण चित्राची उंची मुलीच्या उंचीवरून ठरवली आहे. भिंतीवर काळ्यांना उद्देशून लिहिलेली शिवी आणि फुटलेल्या टोमॅटोचा लाल ओघळ. जमाव दिसत नाही. तो टोमॅटो जिथून फेकला गेला, त्याच जागी चित्र बघणारा उभा असतो. जवळपास दीड मीटर रुंदीच्या या कॅनव्हाससमोर उभं राहून कोणी रॉकवेलला गोडगोड म्हणून दाखवावं. पुढच्याच वर्षी त्याने मिसिसिपीत मारल्या गेलेल्या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांवर चित्र केलं. ‘लुक’ने पूर्ण चित्र बाजूला ठेवून त्याआधीचं रंगीत रेखाटन छापलं. पूर्ण झालेलं चित्र लोकांना दिसलं ते प्रदर्शनांमुळेच. रूबीचं चित्र २०११ मध्ये ओबामांच्या व्हाइट हाउसमध्ये काही महिने लावलं होतं, आणि तिथे प्रौढ रूबी ब्रिजेस त्याच्यासमोर अध्यक्षांबरोबर उभी राहिली.

ही दोन्ही चित्रं आज आहेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजला, रॉकवेलच्या नावाच्या संग्रहालयात. रॉकवेल १९५३ पासून १९७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. १९६९ मध्ये गावातलं एक जुनं घर पाडण्यापासून वाचवण्याच्या खटाटोपातून संग्रहालय सुरू झालं आणि १९९३ मध्ये गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेलं. त्याचा स्टुडिओही त्याच आवारात हलवलेला आहे. रूबीचं चित्र ही या संग्रहालयाची पहिली खरेदी.

बॉस्टनला मुलाबाळांकडे जाणारे मराठी वाचक आता कमी नाहीत. स्टॉकब्रिज तिथून गाडीने सुमारे २०० किलोमीटर आहे. गेलात तर आधी खालच्या मजल्यावर जा. तिथे ‘पोस्ट’ची सगळी मुखपृष्ठं तारखेच्या क्रमाने लावलेली आहेत. ती सावकाश बघा, त्यांत कोण आहे आणि कोण नाही ते शोधा. वरच्या दालनातली मोठी चित्रं त्यानंतर बघा.