गालिचा, कूलर आणि कसर

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि घरात कूलर दमट हवा फेकत असतो. गालिचा निवडताना आधी हे पाहावे, रंगसंगती नंतर.

लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांतलेच प्रथिन. स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प शोषूनही ती हाताला ओली लागत नाही. म्हणूनच कूलरसमोरचा गालिचा वरून कोरडा वाटतो आणि आतून कुबट होतो. कसरीच्या अळ्या केराटिन पचवतात. सोफ्याखालचा अंधारा, धुळकट कोपरा त्यांना आयताच मिळतो. तिथेही नियमित व्हॅक्यूम फिरवा, अधूनमधून गालिचा उलटा करून झटका.

धुताना खरी गफलत होते. डाग काढणाऱ्या अनेक पावडरींत प्रथिने तोडणारी विकरे असतात आणि ती लोकरीलाही सोडत नाहीत. गरम पाण्यात घासले की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, लोकर आटते. दख्खनी मेंढीच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते. ती वारंवार धुतली, तर कडकपणा गेलाच म्हणून समजा.

गॅलरीसाठी पॉलिप्रॉपिलीन बरे. ते पाणी पीत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या रेणूसाखळ्या तुटतात, धागे भुरभुरू लागतात. त्यामुळे ‘यूव्ही-स्टॅबिलाइज्ड’ असल्याची खात्री करा. पावसाळ्यात मात्र हा गालिचाही उचलून कठड्यावर टाका, कारण खाली साचलेले पाणी सहज वाळत नाही. लोकरीचा गालिचा गॅलरीत नकोच.