ओलिताचें जागरण व निद्रा

गहूं-हरभऱ्याच्या ओलितास रात्रींची वीज मिळाली, कीं नागपूर जिल्ह्यांतील कास्तकारास मध्यरात्रीं पंपावर जावें लागतें. सर्पदंशाचें भय सर्वांस ठाऊक आहे. गमावलेल्या झोपेचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाहीं. प्रौढ मनुष्यास निदान ७ तास निद्रा हवी. वारंवार जागरणानें रक्तदाब व मधुमेह यांचा संभव वाढतो, आणि पेंगुळलेला हात यंत्राजवळ घातक ठरतो. दिवसां वीज मिळावी म्हणून २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली. आपल्या गांवचा फीडर तींत आला काय, याची चौकशी अवश्य करावी. तोंवर घरांत पाळ्या लावाव्या. पाळीच्या माणसानें आधीं थोडें निजावें, उत्तररात्रीं चहा टाळावा व परतल्यावर अंधाऱ्या खोलींत झोपावें. त्यास आळशी म्हणून कोणीं उठवूं नये. ती खोड आपल्याकडे फार आहे.