छावणीचे शहर

उल्हासनगरमध्ये पत्ता विचारला की समोरचा आधी विचारतो, "कॅम्प नंबर किती?" एक ते पाच असे हे कॅम्प. कॅम्प म्हणजे छावणी. सैन्य केव्हाच निघून गेले. मग छावणी नावात कशी राहिली?

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची तात्पुरती छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नव्या वसाहतीची कोनशिला बसवली. उल्हास नदीवरून तिला नाव मिळाले.

छावणीतून शहर घडण्याचा प्रकार फार जुना आहे. रोमन सैन्याच्या छावणीचा आराखडा ठरलेला असे: काटकोनात मिळणारे मुख्य रस्ते, चार दिशांना दरवाजे, सैनिकांच्या खोल्यांच्या सरळ रांगा. इंग्लंडमधील चेस्टर अशाच एका ठाण्यावर वसले. छावणीसाठी असलेल्या 'कास्त्रा' या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. जुन्या चेस्टरचे मुख्य रस्ते आजही बहुतांशी रोमन रस्त्यांवरूनच जातात.

असे का व्हावे? घर एकट्याच्या मालकीचे असते. ते पाडून नवे बांधता येते. रस्ता मात्र सर्वांचा. तो हलवायचा तर दोन्ही बाजूंच्या सगळ्यांच्या हद्दी हलवाव्या लागतात. खाली गटारे आणि नळ असतात, ते वेगळेच. म्हणून घरे बदलतात, पण जमिनीवर प्रथम आखलेल्या रेषा टिकतात.

त्या कशासाठी आखल्या, हे म्हणूनच महत्त्वाचे. सम्राट ट्राजनने इसवी सन १०० च्या सुमारास आजच्या अल्जीरियात निवृत्त सैनिकांसाठी टिमगाड वसवले. सुमारे ३५० मीटर बाजूच्या चौकोनात छावणीसारखेच सरळ रस्ते होते; पण बाजारचौक, नाट्यगृह, स्नानगृहे यांनाही जागा होती. पुढे वस्ती चौकोनाबाहेर गेली. उत्खननात हा फरक स्पष्ट दिसतो: आत सरळ रस्ते, बाहेर वेडेवाकडे.

टिमगाड कायम राहण्यासाठी आखले होते. आमच्या शेजारची छावणी मुक्कामापुरती होती. सैनिक काही दिवस थांबून पुढे जाई. निर्वासित कुटुंब तिथेच राहिले. मुले झाली, दुकाने निघाली, खोलीपुढे खोली वाढली. दाटी झाली म्हणून रहिवाशांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्या वाट्याला आलेली आखणी मुळात संसारासाठी नव्हती, हे आपण विसरतो.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर, जे तुमचे असेल त्याचा नकाशा घ्या. सरळ रस्ते एका रंगाने आणि वळणाचे दुसऱ्या रंगाने रंगवायला सांगा. मग मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे: यातला कोणता रस्ता आधीपासून होता? तो कुणी, कशासाठी केला? इतिहासाचा एक धडा त्यांना पायांखालीच सापडेल.